दोस्तीखात्यातले गुन्हे

वाचकाचं पत्र :

माझा मुलगा यंदा बारावी झाला. निकाल चांगला लागला. आता त्यांचा आठ जणांचा ग्रुप चार दिवस गोव्याला निघालाय. पाच मुलगे आणि तीन मुली (मुलींचं मला परवा कळलं). माझा मुलगा ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण करेल. बाकीचे काही सतराचे, काही अठराचे. एक जण मधे वर्ष गेल्यामुळे एकोणीसचा आहे, त्याच्याकडे लायसन्स आहे आणि गाडी त्याच्या वडिलांची. "आम्ही काही पिणार-बिणार नाही," असं मुलगा शपथेवर सांगतो. पण ग्रुपवर कुणीतरी "सगळ्यांनी आधारचे फोटो टाका, वय अ‍ॅडजस्ट करून देतो" असा मेसेज टाकलेला मी पाहिला. मिस्टर म्हणतात, आम्हीही त्या वयात गेलो होतो, काही होत नाही. मला मात्र झोप नाही. पोलिसांनी पकडलं तर नेमकं काय होतं? आणि मुळात पाठवू की नको?
एक आई, कोल्हापूर जिल्हा

ताई,

तुम्ही दारूची काळजी करताय. मी तुमच्या जागी असते तर त्या मेसेजची केली असती.

वय अ‍ॅडजस्ट करणं म्हणजे आधार कार्डाचा फोटो फोनवरच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये उघडायचा आणि जन्मसालातला एक आकडा बदलायचा. दोन मिनिटांचं काम. मुलांच्या लेखी ही गॅदरिंगच्या पासवर दुसऱ्याचं नाव घालण्याइतकी किरकोळ गंमत असते. कायद्याच्या लेखी नसते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 337 क्रमांकाचं कलम आहे. सरकारी ओळखपत्राची बनावट करणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितलाय, आणि ओळखपत्र म्हणजे काय याबद्दल शंका राहू नये म्हणून मतदार ओळखपत्र आणि आधार कार्ड यांची नावंच घेतली आहेत. पुढे कलम 340 म्हणतं की बनावट कागद माहीत असून खरा म्हणून वापरणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे आकडा बदलून देणारा एक आणि तो बारच्या दारात दाखवणारे सात. वर कुणी कुणाला कधी काय पाठवलं याचा तारीखवार पुरावा व्हॉट्सअ‍ॅपवर मुलांनी स्वतःच्या हातानं तयार करून ठेवलेला.

हे कशासाठी, तर एका ग्लासासाठी. खरं वय सांगितलं असतं तर वेटर "नाही मिळणार" म्हणाला असता आणि विषय तिथेच संपला असता.

माझ्याकडे सुट्टीच्या सहलींतून अडकून आलेल्या मुलांची जी प्रकरणं आली, त्यांत स्वतःच्या हौसेपायी फसलेली मुलं कमी. बहुतेक दुसऱ्याचं काम करता करता फसलेली. आधार बनवून दिलं, गाडीची किल्ली दिली, बॅग सांभाळली, ग्लास भरून दिला, फोटो पुढे पाठवला. आमच्या ऑफिसात आम्ही याला दोस्तीखात्यातले गुन्हे म्हणतो. मुलाला वाटतं, "मी कुठे काय केलं? मी फक्त दिलं." आणि कायदा नेमका या देण्यावर, ठेवण्यावर, पोचवण्यावर बोट ठेवतो. तुमच्या मुलाला नशेबद्दल चार शब्द ऐकवण्यापेक्षा ही एवढी गोष्ट समजावलीत तर जास्त उपयोग होईल. नशेबद्दल त्यानं शाळेपासून ऐकलंय. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी वयाचा गुंता सोडवू. अठरा झाले की सगळं खुलं होतं असा मुलांचा समज आहे, आणि खरं सांगायचं तर पालकांचाही. गाडी चालवायला अठरा पुरतात. दारूला पुरत नाहीत. गोव्यात दारू प्यायचं कायदेशीर वय 21 आहे. कॅसिनोत शिरायलाही 21. आपल्या महाराष्ट्रात तर बिअरला 21, कडक दारूला 25, आणि वर परवाना. (हा परवाना किती जणांनी काढलाय, हे तुमच्या मिस्टरांना सहज विचारा.) तेव्हा त्या आठ जणांपैकी एकालाही, एकोणीसवाल्यालासुद्धा, गोव्यात दारू कायद्यानं देता येत नाही. "गोव्यात चालतं" हे वाक्य मुलं छातीठोकपणे म्हणतात. तिथे दारू स्वस्त आहे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, एवढंच ते खरं.

एकोणीसवाल्याचं थोडं थांबून बघू. तो मोठा, त्यामुळे आणणार तो आणि ओतणार तो. बाल न्याय कायदा 2015 मधलं कलम 77 असं आहे : डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला कुणीही दारू किंवा अमली पदार्थ दिला, किंवा द्यायला लावला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'कुणीही'त बारमालक येतो, काका येतो आणि मित्रही येतो. एकोणीस वर्षांच्या पोरानं सतरा वर्षांच्या मित्राच्या ग्लासात बिअर ओतली की ती शब्दशः या कलमात बसते. दर वेळी पोलीस ते लावतातच असं नाही. पण पुढे काही विपरीत घडलं, कुणी पडलं, बुडलं, गाडी ठोकली, की हे कलम बाहेर निघतं. मे 2024 मधलं पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण तुम्हाला आठवत असेल. बारावीच्या निकालाची पार्टी होती, असं त्या वेळी बातम्यांत आलं. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. दोन तरुण जीव गेले. जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळ्या देशात चर्चा झाली, पण त्या पहिल्या आठवड्यातच मुलाच्या वडिलांना आणि दारू दिलेल्या ठिकाणच्या लोकांनाही अटक झाली होती, हे मात्र लोक विसरले.

तिथूनच गाडीवर येते, कारण आई-वडिलांच्या गळ्याशी येणारी गोष्ट ती आहे. एकोणीसवाल्याकडे पक्कं लायसन्स आहे, चांगलं. पण कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोवा म्हणजे चार-पाच तास, आणि गाडीत "मला पण चालवू दे की" म्हणणारे सात. घाट संपला, रस्ता सरळ झाला की किल्ली हातोहाती फिरते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी धरला जातो तो त्याचा पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनंच दिली होती असं न्यायालय गृहीत धरतं. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायचं काम तुमचं. इथे गाडी दुसऱ्याची आणि मूल तुमचं, त्यामुळे दोन घरं अडकतात. तुमचा मुलगा स्टिअरिंगवर बसला तर उद्या तुम्हीही त्यात आणि त्या मित्राचे वडीलही.

तिथे पोचल्यावर भाड्याच्या दुचाकी. भाड्यानं द्यायची परवानगी असलेल्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या प्लेटची खासगी स्कूटर कुणी शंभर रुपये कमी घेऊन देत असेल तर अपघातात विमा कंपनी वाद घालणार, हे धरून चाला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं एखादा म्हणेल. ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आजकालच्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वर आहेत, तेव्हा सतराव्या वर्षी त्या लायसन्सचा गोव्यात काही उपयोग नाही. आणि कच्चं लायसन्स कुठलंही असो, शिकवणारा लायसन्सवाला सोबत नसेल तर ते लायसन्स नसल्यासारखंच. हेल्मेट, ट्रिपल सीट वगैरे तुम्हाला माहीतच आहे, हजाराच्या पावत्या आहेत. दारू पिऊन चालवणं वेगळं : शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. "एकच बिअर घेतली होती" हा बचाव नव्हे, कबुली आहे.

आता बॅग. इथे मी जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. आपण त्याला एनडीपीएस म्हणतो. त्यात पदार्थाच्या वजनावर सगळं अवलंबून असतं. अल्प मात्रा, मधली मात्रा, व्यापारी मात्रा. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत, त्यामुळे खिशातल्या पुडीला एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. हे ऐकून मुलं म्हणतात, एवढंच? पण गोव्यातल्या पार्ट्यांत फिरतं ते सगळं गांजा नसतं. एमडीएमए या रासायनिक नशेची अल्प मात्रा अर्धा ग्रॅम आणि व्यापारी मात्रा दहा ग्रॅम. एलएसडी या दुसऱ्या रासायनिक नशेची व्यापारी मात्रा एक ग्रॅमचा दहावा भाग. पुन्हा 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीरा सिंग खटल्यात सांगितलं, की नशेच्या पदार्थात जे काही मिसळलेलं असेल त्याचंही वजन धरायचं, निव्वळ नशेचं नव्हे. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे, कमाल नाही, किमान. आणि जामिनासाठी न्यायालयाची अशी खात्री पटावी लागते की आरोपी दोषी नसावा. खटला उभा राहायच्या आधीच ही खात्री पटवायची. त्यात महिने जातात.

आणि या कायद्यात वारं उलटं वाहतं. एरवी पोलिसांनी गुन्हा सिद्ध करायचा असतो. इथे वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की तुम्हाला ती माहीत होती असं न्यायालय धरून चालतं, आणि माहीत नव्हती हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून बीचवर ओळख झालेला कुणीही "पाच मिनिटं सॅक धर, आलोच" म्हणाला तर धरायची नाही. खोलीतल्या मित्रानं "तुझ्या बॅगेत जागा आहे ना, एवढं टाक" म्हटलं तर आधी उघडून बघायचं. "हे मडगावला एकाला दे, पैसे तो देईल," हे तर ऐकूनच घ्यायचं नाही. नको म्हणायला मुलं लाजतात. कुणी भित्रा म्हणेल, आईचा लाडका म्हणेल. म्हणू दे.

झडतीबद्दल एक गैरसमज गावभर आहे. अंगझडती होणार असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर ती व्हावी, असं मागायचा हक्क या कायद्याचं कलम 50 देतं, आणि मुलीची अंगझडती फक्त महिलाच घेऊ शकते. हा हक्क अंगावरच्या झडतीपुरता आहे. बॅगेला तो लागू नाही.

व्हेपचंही सांगून टाकते, कारण पालकांना ते पेनासारखं दिसतं. ई-सिगारेटवर देशात 2019 पासून बंदी आहे. विकणं तर सोडाच, साठवणं हाही गुन्हा आहे. मित्रांसाठी म्हणून चार-पाच घेऊन येणारा शहाणा प्रत्येक ग्रुपात असतो.

आता मुली सोबत आहेत म्हणून. मुली बरोबर असणं हा काही गुन्हा नाही, आणि यावरून घरात रामायण करू नका, ही विनंती. पण दोन गोष्टी मुलाशी स्पष्ट बोलायला हव्यात. आणि त्या बाबांनी बोलाव्यात असं मला वाटतं. "आम्हीही गेलो होतो" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी करावं. पहिली, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012. अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलाच्या संमतीला कायदा संमती मानत नाही. आपल्याकडे "दोघांच्या वयात थोडंच अंतर होतं" अशी सवलत या कायद्यात नाही. मुलगा अठरा वर्षं एक महिन्याचा आणि मुलगी साडेसतराची, दोघांचं प्रेम खरं, तरी शरीरसंबंध झाला तर त्याच्यावर जो गुन्हा लागतो त्याची किमान शिक्षा दहा वर्षं आहे. तक्रार बहुतेक वेळा मुलगी करत नाही, तिच्या घरचे करतात. दुसरी गोष्ट फोटोंची. समुद्रावर कपडे बदलताना, खोलीत झोपलेलं असताना, गमतीनं काढलेला एखादा फोटो. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचा फोटो काढणं किंवा पुढे पाठवणं याला माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फोटोतली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर त्याहून कडक कलमं लागतात. काढणारा एकच असतो. फॉरवर्ड करणारे सगळे. बीचवरच्या अनोळखी बायकांचे चोरून फोटो काढणं, परदेशी बाईला सेल्फीसाठी घेरणं, याच्या तक्रारी तिथल्या पोलिसांकडे होतात आणि त्या घेतल्याही जातात. "सगळेच काढतात" हे सांगून तिथे कुणी सुटत नाही.

भांडणाबद्दल एक आकडा लक्षात ठेवा : पाच. बेकायदा उद्देशानं पाच किंवा जास्त माणसं एकत्र आली की कायद्यात तो बेकायदा जमाव, आणि त्यातल्या एकानं केलेल्या मारहाणीचा दोष सगळ्यांवर येऊ शकतो. तुमचा ग्रुप आठांचा आहे. क्लबच्या दारात दोघांची बाचाबाची झाली तर बाकीच्यांनी मित्रांना ओढून न्यायचं. घोळक्यानं अंगावर जायचं नाही, शूटिंग करत उभं राहायचं नाही.

किरकोळ बाबी भरभर. उघड्या बीचवर पिणं आणि बाटल्या फोडणं यावर गोव्यात पर्यटन स्थळांच्या कायद्याखाली दंड आहे, तो हजारांच्या घरात जातो. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायचे नाहीत. रेल्वेनं गेले आणि मित्र फलाटावर राहिला म्हणून साखळी ओढली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मे संपता संपता समुद्र खवळायला लागतो. लाल बावटा दिसला की पाण्यात जायचं नाही. हा सल्ला कायद्याचा नाही, तरीही ऐकावा.

येतानाची बाटली मात्र किरकोळ नाही. परत निघताना कुणाच्या तरी बाबांनी सांगितलेलं असतं, "येताना एखादी आण." गोव्यात रीतसर विकत घेतलेली दारू महाराष्ट्रात आणली की ती आपल्या दारूबंदी कायद्याखाली बेकायदा वाहतूक ठरते. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा नाका त्यासाठीच आहे. गाडी जप्त होते, बाटली ज्याच्या सीटखाली सापडते तो पोरगा आरोपी होतो, आणि ज्या बाबांनी मागवली ते घरी टीव्ही बघत असतात. मिस्टरांना विचारून ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न. पकडलं तर?

तुमचा मुलगा अठराच्या आत आहे, ही या सगळ्यात त्याची ढाल आहे. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बालकांसाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, पालकांना कळवावं लागतं, आणि जामीन हा नियम, नाकारणं अपवाद. त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला बंदी आहे. किरकोळ गुन्ह्यात एकट्या मुलावर एफआयआर सहसा नोंदवत नाहीत. पण तोच गुन्हा सज्ञान मित्रांसोबत मिळून केला असेल तर नोंदवता येतो. सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा घडला तर सज्ञान म्हणून खटला चालू शकतो, हेही त्याच कायद्यात आहे.

अठरा-एकोणीसवाल्यांना ही ढाल नाही. त्यांचे हक्क वेगळे आणि ते पाठ असावेत. अटकेचं कारण सांगावं लागतं. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, सगळा वेळ शेजारी बसवता येईलच असं नाही. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलीस आधी नोटीस देऊन बोलावू शकतात, लगेच अटक करायलाच हवी असं नाही. मुलीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतं. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करायची नसते. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. वकील नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं आणि कोठडीतली माणसं यांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जागेवर मिटवतो म्हणून नोटा पुढे करायच्या नाहीत, लाच देणाराही आता गुन्हेगार आहे. दंड असेल तर पावती घ्यायची.

आणि मुलांनी पोलिसांशी वाद घालायचा नाही. मघाचे सगळे हक्क शांत आवाजात मागता येतात. माझ्या पाहण्यात निम्मी प्रकरणं "तुला माहितीये का माझा बाप कोण आहे" या एका वाक्यानं चिघळलेली आहेत. बाप कोण हे नंतर कळतंच.

एक धोका मुलांना नाही, तुम्हाला आहे. त्या चार दिवसांत तुम्हाला फोन येऊ शकतो : "तुमचा मुलगा ड्रग्जमध्ये सापडलाय, इतके पाठवा म्हणजे नाव काढतो." मागे कुणीतरी रडत असतं. व्हिडिओवर खाकी वर्दी दिसते. हे भामटे असतात. पोलीस यूपीआयवर पैसे मागत नाहीत आणि कुठल्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची चीज नाही. फोन ठेवा, मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना लावा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. खात्री करायची असेल तर 112 वर विचारून संबंधित पोलीस ठाण्याचा नंबर घ्या. यासाठी मुलाकडून निघायच्या आधी राहण्याच्या जागेचं नाव, पत्ता आणि सगळ्यांचे नंबर घेऊन ठेवा. ही हेरगिरी नव्हे.

पाठवू की नको? पाठवा. बारा वर्षं शाळा-कॉलेज करून पोरगं चार दिवस मित्रांबरोबर समुद्र बघायला जातंय, त्यात मला गैर काही दिसत नाही. तुम्ही अडवलंत तर एखाद वेळी न सांगता जाईल, आणि मग अडकल्यावर तुम्हाला फोन करायला घाबरेल. ते मला सगळ्यात वाईट वाटतं. त्याला एवढं मात्र सांगा, की काहीही झालं, कितीही वाजले असले, तरी पहिला फोन घरी करायचा. घरी ओरडा नंतर बसेल, आधी माणूस निघेल. हे सांगितलंत तर पाळा, म्हणजे त्या फोनवर ओरडू नका.

अट घालायची तर माझ्या मते दोन पुरेत. पहिली, आधारचे फोटो कुणी पाठवायचे नाहीत, आणि पाठवले असतील तर बदललेलं कार्ड कुणीही कुठे दाखवायचं नाही. तुम्ही ग्रुपवर नाही, त्यामुळे हे मुलालाच तिथे लिहायला लावा. "आईनं बघितलं" म्हणून लिहिलं तरी चालेल, खापर तुमच्यावर फुटू दे. राहण्याची जागा ठरवताना खरं वय सांगा. अठराखालच्यांना एकटं खोली देत नाहीत अशी हॉटेलं बरीच आहेत. तिथे पोचून रात्री अकराला हे कळण्यापेक्षा आधी फोन करून पालकाचं पत्र आणि ओळखपत्र चालेल का ते विचारलेलं बरं.

दुसरी अट गाडीची. शक्य असेल तर एसटीनं किंवा रेल्वेनं जाऊ देत, तिथे फिरायला टॅक्सी आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस आहेत. आठ जणांत खर्चही फार होत नाही. गाडीच न्यायची म्हणत असतील तर मात्र हे तुमच्या घरात बसून ठरणार नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आईचा नंबर तुमच्याकडे आहे का? नसेल तर मुलाकडून मागून घ्या आणि आज रात्रीच फोन करा. 199-अ आणि कलम 77 तिला बहुतेक माहीत नसेल, आणि किल्ली तिच्या घरात आहे.